आधी आणि नंतर: शरीरातला फरक मोजायचा कसा, दाखवायचा कसा आणि दुसऱ्याला दाद द्यायची कशी

वजन उचलणाऱ्यांच्या गटात सगळ्यात जास्त फसवणूक होते ती 'आधी-नंतर'च्या फोटोंत, आणि बहुतेक वेळा फसवणारा आणि फसणारा एकच माणूस असतो. पहिला फोटो जेवण झाल्यावर, खांदे पाडून, समोरून उजेड घेऊन काढलेला. दुसरा व्यायाम संपता संपता, पोट आत घेऊन, डोक्यावरच्या दिव्याखाली. या दोन फोटोंत दहा मिनिटांचं अंतर असलं तरी तीन महिने घाम गाळल्यासारखा फरक दिसतो. उलटंही तितकंच होतं. बारा आठवडे नेमाने व्यायाम केलेला माणूस चुकीच्या उजेडात फोटो काढतो, काहीच झालं नाही असं समजतो आणि चालू असलेला चांगला कार्यक्रम मोडून टाकतो.

म्हणून आधी नोंद अशी ठेवायची की ती जुन्या नोंदीशेजारी ठेवून वाचता येईल. इतरांना दाखवणं आणि त्यांची दाद घेणं त्यानंतरचं काम. नोंदच लंगडी असेल तर समोरच्याला 'भारी' म्हणण्यापलीकडे बोलायला काही उरत नाही.

फोटो: जागा, अंतर, उजेड

सगळ्यात मोठी चूक अंतराची. फोन हातात धरून किंवा एक मीटरवर टेकवून काढलेल्या फोटोत जो भाग कॅमेऱ्याच्या जवळ तो फुगतो. छाती पुढे असली की छाती मोठी, फोन वर धरला की खांदे रुंद आणि पाय काडीसारखे. हा दोष लेन्सपेक्षा अंतराचा आहे. कॅमेरा अडीच ते तीन मीटर लांब ठेवा आणि फोटो नंतर कापून घ्या किंवा फोनची दुप्पट झूमची लेन्स वापरा. खोली लहान असेल आणि दोनच मीटर मिळत असतील तर दोनच ठेवा, पण मग दर वेळी दोनच.

कॅमेऱ्याची उंची बेंबीच्या रेषेत. फोन सरळ उभा, पुढे किंवा मागे कललेला नको. स्टँड नसेल तर कपाटाचा एकच कप्पा ठरवून टाका. पाय कुठे ठेवायचे तिथे जमिनीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा करा, स्टँडच्या पायांनाही करा. हे काम एकदाच करायचं असतं, आणि ते टाळणारेच सहा महिन्यांनी फोटो जुळत नाहीत म्हणून तक्रार करतात.

उजेडाचा परिणाम स्नायूंपेक्षा मोठा असतो हे मान्य करून टाका. वरून किंवा बाजूने येणारा उजेड स्नायूंच्या कडांखाली सावली पाडतो, म्हणून पोटाचे कप्पे दिसतात. समोरून येणारा उजेड आणि फ्लॅश सगळं सपाट करतो. नोंदीसाठी दोन्ही चालतील, फक्त बदलू नका. खिडकीचा उजेड ऋतू आणि ढगांप्रमाणे बदलत राहतो. त्यामुळे पडदा ओढून खोलीतला एकच दिवा लावणं सोयीचं. फोनमधलं चेहरा गुळगुळीत करणारं सेटिंग, पोर्ट्रेट मोड आणि फिल्टर बंद करा. फोनच्या स्क्रीनवर छातीच्या जागी बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनांत एक्स्पोजर (फोटो किती उजळ यायचा ते) कुलूपबंद होतं, तेही करा. नाहीतर काळी चड्डी की पांढरी, एवढ्यावरून कातडीचा रंग बदलतो. पुढचा कॅमेरा वापरत असाल तर तो चित्र आरशासारखं उलटवतो का ते तपासा. डावा दंड उजवा समजून त्याच्यावर दोन महिने जादा सेट मारणारी माणसं असतात.

वेळ सकाळची, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. व्यायामानंतर नको. पंप (व्यायामाने स्नायूंत रक्त भरून आलेला फुगवटा) काही तासांत उतरतो, पण तो फोटोत राहतो आणि पुढच्या प्रत्येक फोटोला हरवतो. कपडे तेच, मांडीचा निम्मा भाग दिसेल इतकी आखूड चड्डी. पायांचा फोटो टाळायची सवय लागली की पाय सुधारायची गरजही दिसेनाशी होते.

आता कोणकोणते फोटो. किमान तीन: समोरून, बाजूने, पाठीमागून, तिन्ही सैल उभं राहून. सैल म्हणजे खरोखर सैल. हात नैसर्गिक लोंबकळत, पोट आत ओढलेलं नाही, श्वास नेहमीसारखा सोडलेला. त्यानंतर हवं तर ताणलेले, म्हणजे स्नायू आवळून काढलेले, चार: समोरून दोन्ही दंड, पाठीमागून दोन्ही दंड, बाजूने छाती, आणि पोट-मांडी. स्पर्धेत उतरायचं नसलं तरी पाठीमागून दोन्ही दंडांची पोझ शिकून घ्या, कारण पाठ हा मोठा भाग स्वतःला रोज दिसत नाही आणि हौशी लोकांची प्रगती बऱ्याचदा तिथेच आधी उमटते. पोझ देण्यातही कौशल्य वाढतं. पहिल्या महिन्यात लॅट (काखेखालचे पाठीचे रुंद स्नायू) पसरवता न येणाऱ्याला तिसऱ्या महिन्यात ते जमलं तर त्यातला काही फरक स्नायूचा आणि काही सरावाचा असतो. खरी तुलना सैल फोटोंचीच.

किती दिवसांनी? फोटो दर चार आठवड्यांनी काढा, तुलना मात्र बारा आठवड्यांपूर्वीच्या फोटोशी करा. नवशिक्याची सुरुवातीच्या काही आठवड्यांतली ताकद बरीचशी मज्जासंस्थेच्या शिकण्यातून येते. वजन वाढत जातं, आरसा तसाच राहतो. डोळ्यांना कळेल असा फरक पडायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात, आणि जुन्या खेळाडूला त्याहून बरेच जास्त. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांनी पाळीच्या त्याच टप्प्यावर फोटो आणि माप घ्यावं. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी साठतं आणि चार आठवड्यांची मेहनत पुसल्यासारखी वाटते.

टेप

शिंपी वापरतात ती टेप चालते, पण ती न ताणणारी हवी. जुनी कापडी टेप ताणून लांब होते आणि दंड बारीक झाल्यासारखा दाखवते. धातूच्या पट्टीशी वर्षातून एकदा जुळवून बघा.

टेप कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको. प्रत्येक जागी दोनदा मोजा. दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा आणि मधला आकडा लिहा. त्यामुळेच दंडात पाव सेंटिमीटर वाढ झाली ही बातमी गटात टाकण्यासारखी नसते. तेवढी चूक टेपचीच असते.

कंबर बेंबीच्या रेषेत, नेहमीचा श्वास सोडल्यावर. वैद्यकीय मोजमापात शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजतात, पण घरी बेंबीची खूण दर वेळी तीच सापडते. पोट सुटल्यामुळे बेंबी खाली सरकली असेल तर मात्र मधली जागा घ्या. छाती स्तनाग्रांच्या रेषेत, हात खाली सोडून. स्त्रियांनी काखेच्या लगेच खाली मोजलं तर माप जास्त स्थिर राहतं. नितंब सर्वांत रुंद जागी, पाय जुळवून. पोटरी उभं राहून, दोन्ही पायांवर सारखा भार ठेवून, सर्वांत जाड जागी.

दंड आणि मांडीत जागा चुकते. खांद्याच्या टोकाच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत मोजा, त्याच्या निम्म्यावर पेनाने खूण करा आणि ते अंतर वहीत लिहून ठेवा, उदाहरणार्थ 'टोकापासून १७ सेंमी'. ताणलेल्या दंडाचं माप मात्र शिखरावर घ्यायचं. दोन्ही वेगळे लिहा, सैल आणि ताणलेला. मांडीला गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून ठरावीक अंतर धरा, २० सेंमी म्हणा, आणि ते कधी बदलू नका. डावं-उजवं वेगळं नोंदवा. थोडा फरक सगळ्यांनाच असतो.

चरबीच्या टक्क्यांबद्दल आमचं मत कडक आहे: आपल्याशी ठेवा, गटात टाकू नका. पाय ठेवून उभं राहायच्या काट्यांत वीज एका पायातून दुसऱ्या पायात जाते, म्हणजे त्यांना दिसतो तो मुख्यतः खालचा भाग, आणि आकडा पाण्यावर हलतो. एक ग्लास पाणी, आदल्या दिवशीचा खारट पदार्थ, थंड पावलं, कशानेही. कातडी चिमटीत धरून कॅलिपरने (जाडी मोजण्याच्या चिमट्याने) मोजता येत असेल तर ते त्याहून उपयोगी, पण तिथेही टक्केवारीच्या सूत्रात न शिरता मिलिमीटरची बेरीज लिहा. पुरुषांसाठी छाती, पोट, मांडी आणि स्त्रियांसाठी ट्रायसेप (दंडाची मागची बाजू), कमरेच्या हाडाच्या वर, मांडी, या तीन जागा रूढ आहेत. शरीराची उजवी बाजू, बोटांपासून एक सेंटिमीटर दूर कॅलिपर, दाब सोडल्यावर दोन सेकंदांत आकडा. मोजणारा माणूस दर वेळी तोच हवा.

वजनकाटा

काटा कठीण फरशीवर, गालिच्यावर नको. सकाळी, शौचानंतर, पाण्याआधी. रोज करा आणि रोजचा आकडा विसरून जा. आठवड्याची सरासरी हाच आकडा. सोमवारपासून सात दिवसांत ७२.४, ७३.१, ७२.०, ७२.८, ७३.६, ७२.५, ७२.२ असे आकडे आले तर सरासरी ७२.७. याच आठवड्यात मंगळवार ते बुधवार एक किलो उतरलं म्हणून आनंद आणि शुक्रवारी वर गेलं म्हणून शोक, दोन्ही वाया.

एका दिवसात किलो-दोन किलो हलणं सामान्य आहे. स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीराने साठवलेल्या साखरेबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, त्यात मीठ आणि आतड्यातलं अन्न. भात-भाकरी असो की पाव, पिष्ट पदार्थ एकदम बंद केले की पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं ते बहुतांश हेच पाणी. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) रोज ३ ते ५ ग्रॅम सुरू केलं तर पहिल्या काही आठवड्यांत वजन एक-दोन किलो वाढू शकतं. तेही स्नायूंतलं पाणीच. क्रिएटिन कधी सुरू केलं ते नोंदीत नसेल तर तो महिना कुणालाच नीट वाचता येणार नाही.

वेगाचा अंदाज असा ठेवा. वजन वाढवताना आठवड्याला शरीराच्या वजनाच्या पाव ते अर्धा टक्का. सत्तर किलोच्या माणसासाठी हे साधारण १७५ ते ३५० ग्रॅम झालं. अर्धा टक्का नवशिक्यांसाठी, मुरलेल्यांनी पाव किंवा त्याहूनही कमी. उतरवताना अर्धा ते एक टक्का. याहून जलद वाढ मुख्यतः चरबी असते आणि याहून जलद घट स्नायू घेऊन जाते. प्रथिनं रोज प्रतिकिलो १.६ ते २.२ ग्रॅम.

उचललेलं वजन

शरीराचा फोटो महिन्यातून एकदा, पण वही प्रत्येक व्यायामाला. तारीख, व्यायाम, वजन, सेट (सलग केलेल्या रेपचा गट), रेप (एक पूर्ण उचल), आणि शेवटी हातात आणखी किती रेप शिल्लक होत्या. त्यावरून आरपीई, म्हणजे किती जोर लागला याचा दहापैकी आकडा: दोन शिल्लक असतील तर आरपीई ८, एक असेल तर ९, एकही नसेल तर १०. हा शेवटचा रकाना रिकामा सोडतात आणि तोच सगळ्यात बोलका असतो. ८० किलोच्या ८ रेप आरपीई १० वर आणि दोन महिन्यांनी त्याच ८ रेप आरपीई ७ वर, म्हणजे बार तोच असला तरी माणूस बदलला.

वेगवेगळ्या रेपची तुलना करायला एका रेपचा कमाल अंदाज काढतात. एप्लीचं सूत्र: वजन गुणिले (१ अधिक रेप भागिले ३०). ८० किलो ८ वेळा म्हणजे सुमारे १०१ किलो. ब्रिझिकीचं सूत्र: वजन गुणिले ३६ भागिले (३७ वजा रेप), त्याने तेच सुमारे ९९ येतं. दहा रेपच्या वर दोन्ही भरकटतात. पंधरा रेपच्या सेटवरून काढलेला 'माझा वन रेप मॅक्स' ऐकला की मान डोलवा आणि पुढे चला.

विक्रम म्हणून काय धरायचं हे गटाने एकदा ठरवून घ्यावं. पॉवरलिफ्टिंगचे निकष वापरणं सोपं पडतं. स्क्वॉटमध्ये (बार खांद्यावर घेऊन बैठक) नितंबाच्या सांध्यापाशी मांडीची वरची बाजू गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली गेली पाहिजे. बेंचमध्ये (बाकावर उताणं झोपून बार वर ढकलणं) बार छातीवर थांबला पाहिजे. डेडलिफ्टच्या (जमिनीवरून बार उचलण्याच्या) शेवटी गुडघे सरळ आणि खांदे मागे. पट्टा, स्ट्रॅप, गुडघ्याचे रॅप वापरले तर लिहायचं. दर महिन्याला पाच किलो वाढत जाणारा आणि दर महिन्याला दोन इंच वर येत जाणारा स्क्वॉट प्रत्येक जिममध्ये असतो.

व्हिडिओसाठी फोन जमिनीवर टाकू नका. स्क्वॉट बाजूने, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, पावलांपासून बारपर्यंत सगळं चौकटीत. डेडलिफ्ट बाजूने, बार आणि नडगी यांच्यातलं अंतर दिसेल असं. बेंच बाजूने, बाकाच्या उंचीवर, बार छातीला कुठे टेकतो ते दिसायला हवं. संपूर्ण सेट टाका, कापलेली शेवटची रेप नको, कारण चूक बहुतेक तिसऱ्या-चौथ्या रेपला सुरू होते. स्टँड लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेत ठेवू नका.

आकडे एकत्र वाचताना

एकटा आकडा खोटं बोलतो. वजन, कंबर आणि वही शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होतं.

वजन वाढतंय, कंबर जवळपास तिथेच, वहीतले आकडे चढते: चालू आहे तेच करा. वजन आणि कंबर दोन्ही वाढतायत पण वही थांबली: जेवण जास्त होतंय किंवा व्यायाम पुरेसा कठीण नाही, आणि बऱ्याचदा दुसरंच. वजन स्थिर, कंबर कमी, वही चढती: चरबी जाऊन स्नायू येतोय. नवशिक्यांत आणि खंडानंतर परतलेल्यांत हे सर्रास घडतं आणि नेमके हेच लोक काटा हलत नाही म्हणून निराश होतात. वजन उतरतंय आणि सगळ्याच व्यायामांत एकदम घसरण आहे: वेग जास्त झाला. रोज दोनशे-तीनशे कॅलरी वाढवा आणि दोन आठवडे थांबा.

एक अडचण कायम राहते, सुरुवातीचा बिंदू. १९७३ साली केसी व्हायटर या अमेरिकन शरीरसौष्ठवपटूने नॉटिलस व्यायामयंत्रं बनवणाऱ्या आर्थर जोन्सच्या देखरेखीखाली २८ दिवसांत सुमारे २० किलो वजन वाढवल्याचं प्रसिद्ध झालं आणि आजही ते उदाहरण फिरत असतं. त्याआधी अपघात आणि आजारपणामुळे तो बराच घटला होता, म्हणजे त्यातलं पुष्कळसं आधी असलेलं परत मिळालं होतं. गमावलेला स्नायू नवा कमावण्यापेक्षा खूप लवकर परततो. म्हणून 'आधी'च्या फोटोखाली त्यापूर्वी किती वर्षं व्यायाम केला होता हे लिहिलं नाही, तर 'नंतर'च्या फोटोला अर्थ नाही.

गटात काय टाकायचं

चार ते आठ जणांचा गट पुरे. त्याहून मोठ्या गटात बघे वाढतात, वाचणारे कमी होतात. आठवड्यातून एक ठरावीक दिवस, त्या दिवशी प्रत्येकाने दोन ओळी: किती वेळा व्यायाम झाला, आठवड्याची सरासरी, एखादी अडचण. महिन्यातून एकदा पूर्ण नोंद. फोटो टाकणं ऐच्छिक, आणि न टाकणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

पूर्ण नोंद साधारण अशी दिसावी:

'वय ३१, उंची १७२ सेंमी. व्यायाम १४ महिने, मध्ये पाच आठवडे खंड (मनगट). गेले १२ आठवडे वजन वाढवतोय. सरासरी ६८.९ वरून ७१.० किलो. कंबर ८१ वरून ८२. दंड ताणलेला ३५ वरून ३५.५. स्क्वॉट ८५ किलो ५ रेपवरून ९५ किलो ५ रेप, दोन्ही आरपीई ८, खाली बसण्याची खोली तीच. आठवड्यात चार दिवस, पाय दोनदा. क्रिएटिन वर्षभरापासून. फोटो सकाळचे, सैल, तीच जागा. प्रश्न: पाठ वरून रुंद दिसतेय पण खालचा भाग रिकामा वाटतो. रोइंगचे सेट वाढवू की हात धरण्याची पद्धत बदलू?'

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. 'कसं वाटतंय?' विचारलं की काहीही उत्तर येतं. काय विचारायचं नसेल तर तेही लिहा: 'सल्ला नको, फक्त नोंद.' गटाने हे वाक्य पाळलंच पाहिजे. दोन फोटो शेजारी लावताना डोकं आणि पावलं एकाच रेषेत येतील असं कापा, आणि दोन्हींवर तारीख टाका. तिसरा, मधला फोटोही टाकला तर उत्तम. मधल्या थांबलेल्या महिन्यांचा हिशेब त्यातच दिसतो आणि नव्या माणसाला तो बघायला मिळायला हवा.

औषधं घेऊन शरीर कमावणाऱ्याने नैसर्गिक म्हणवून फोटो टाकू नयेत. बाकीचे त्याच्याशी स्वतःची तुलना करत असतात. गटाने मात्र कुणावर संशय घेऊन चौकशी मांडू नये, आणि डोसची चर्चा गटात करू नये. ती डॉक्टरांसमोर करायची गोष्ट आहे.

अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनी शरीराचे फोटो टाकायचे नाहीत आणि त्यांच्याकडे मागायचेही नाहीत. त्यांची नोंद वहीतल्या आकड्यांची आणि पूर्ण कपड्यांतल्या लिफ्टची, तीही पालक किंवा प्रशिक्षकाच्या माहितीने. वाढत्या वयात वजन उतरवण्याचे सल्ले तर नकोतच.

दाद

'भावा, राक्षस!' यात गैर काही नाही. आनंद होतो, दोन तासांत विरतो. टिकते ती दाद जिच्यात बघणाऱ्याने खरंच बघितल्याचं कळतं. आधी फोटो शेजारी लावा, आकडे वाचा, मग लिहा.

वरच्या नोंदीला असं उत्तर देता येईल: 'दोन किलो वाढून कंबर एकच सेंटिमीटर, म्हणजे जेवणाचं गणित जमलंय. मागून खांद्याची कड पहिल्या फोटोत दिसत नव्हती, आता स्पष्ट आहे. मनगटाच्या खंडानंतर पायांचे दोन दिवस एकदाही सोडले नाहीस, ते स्क्वॉटमध्ये आलंय. पाठीबद्दल: रोइंगचा बाजूने एक व्हिडिओ टाक, कोपर किती मागे जातंय ते बघून सांगतो.' यात केलेल्या कामाचं नाव आहे, दिसणाऱ्या फरकाचं नाव आहे, आणि न बघता सल्ला दिलेला नाही.

माणूस बदलू शकतो त्या गोष्टीची वाहवा करा. हजेरी, झोप, स्क्वॉटची खोली, नोंद ठेवणं. लॅटची जोडणी, बायसेपचं शिखर, पोटाच्या कप्प्यांची मांडणी, खांद्यांच्या हाडांची रुंदी हे जन्मजात असतं. त्याची स्तुती केली की ज्याला ते मिळालेलं नाही तो गप्प होतो. वजन उतरवलेल्याला 'आता किती छान दिसतोस, आधी काय होतास' म्हणणं हा कौतुकाच्या वेषातला टोमणा आहे, आणि वजन परत वाढलं की तो माणूस गट सोडतो. स्त्रीच्या पाठीच्या फोटोखाली पाठीबद्दलच बोला. 'फार मस्क्युलर होऊ नकोस' हा न मागितलेला सल्ला दिसला की गट चालवणाऱ्याने तो तिथल्या तिथे काढावा.

चूक दाखवायची असेल तर एकाच वेळी एकच, आणि दुखापतीची शक्यता असलेली आधी. डेडलिफ्टमध्ये पाठ भाराखाली वाकतेय आणि हातांतलं अंतरही जास्त आहे, तर आज पाठ सांगा, हात पुढच्या वेळी. 'फॉर्म खराब आहे' यातून कुणाला काही करता येत नाही. 'तिसऱ्या रेपपासून बार नडगीपासून सुटतोय, १० किलो कमी करून बघ' यातून करता येतं. आणि पोटऱ्या कुठे राहिल्या, हा विनोद प्रत्येकाने आधीच ऐकलेला असतो.

अडकलेल्या माणसाशी बोलताना

सहा-आठ आठवडे काहीच हललेलं नाही अशा नोंदीखाली 'हार मानू नकोस' लिहून भागत नाही. वही मागा. बहुतेक वेळा तिथे काहीतरी सापडतं: तेच वजन कमी विश्रांतीत, तीच रेप जास्त खोल, तोच सेट आरपीई ९ वरून ८ वर. ते त्याला दाखवा. मग साधे प्रश्न, या क्रमाने: गेल्या चार आठवड्यांत ठरलेल्यापैकी किती व्यायाम झाले, झोप किती तास, वजनाची सरासरी कुठे चाललीय, शेवटचा हलका आठवडा कधी घेतला. या चारांत उत्तर मिळालं नाही तरच कार्यक्रम बदलण्याची भाषा करा. कार्यक्रम बदलणं सगळ्यात मजेचं असतं, म्हणून ते सगळ्यात आधी सुचतं.

दुखापत, बाळंतपण किंवा मोठ्या खंडानंतर परतलेल्यासाठी वहीत नवं पान आणि नवा 'आधी'चा फोटो. आयुष्यातल्या सर्वोत्तम आकड्याशी तुलना वर्षभर बंद.

फोटो कधी थांबवायचे

दिवसातून अनेकदा आरशात किंवा कॅमेऱ्यात तपासणं, अर्धा किलो हलल्यावर दिवस खराब जाणं, दुखापतीवर व्यायाम रेटणं, व्यायाम चुकेल म्हणून घरची कार्यं टाळणं, आणि भरपूर स्नायू असूनही आपण किडकिडीतच आहोत याची खात्री. याला मस्क्युलर डिसमॉर्फिया म्हणतात. हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली हे नाव वापरून त्याचं वर्णन केलं, आणि २०१३च्या डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-ग्रंथामध्ये तो बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरचा (स्वतःच्या शरीरात दोष असल्याचा ध्यास) एक प्रकार म्हणून नोंदला आहे. अशा माणसाला 'अरे तू तर मोठाच दिसतोस' सांगून उपयोग होत नाही, विषय परत शरीराच्या दिसण्यावरच राहतो. गटात न बोलता एकट्याशी बोला, तब्येत आणि झोपेबद्दल विचारा, मानसोपचारतज्ज्ञांचं नाव सुचवा. जेवण तोडणं किंवा उलट्या काढणं दिसलं तर वाट बघू नका.

एवढं टोकाचं नसलं, नुसता वीट आला असेल, तरी फोटो आणि टेप बारा आठवडे बंद ठेवून फक्त वही चालू ठेवता येते. स्नायूंना कॅमेऱ्याची गरज नसते.

फोटो कुठे कुठे जातात

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जागेची नोंद बंद करा. फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश साठतात आणि फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर ते तसेच पुढे जातात. प्रगतीच्या फोटोंचा अल्बम वेगळा आणि कुलूपबंद ठेवा, नाहीतर ऑफिसात फोन दाखवताना पंचाईत. घरच्या सामाईक क्लाउडवर आपोआप चढतायत का तेही बघा. चेहरा कापायचा असेल तर गोंदण आणि मागची भिंतही ओळख पटवते हे ध्यानात घ्या. जिममध्ये काढलेल्या फोटोत दुसरं कुणी येत असेल, आरशातून का होईना, तर त्याला विचारा किंवा कापून टाका.

'आधी-नंतर'चे फोटो पावडर आणि गोळ्या विकणारे उचलतात. वॉटरमार्क (फोटोवर छापलेलं नाव किंवा खूण) टाकायचा तर कोपऱ्यात नको, धडावरून आडवा टाका, कोपरा कापायला दोन सेकंद लागतात. गटाबाहेर कुणाचाही फोटो पाठवायचा नाही, कौतुकासाठीसुद्धा नाही. आणि एखादा गट सोडून गेला की त्याचे फोटो सगळ्यांनी आपापल्या फोनमधून पुसायचे, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. नंतर मागणं अवघड जातं.